मेद, कर्म आणि कर्ता

भारतीय दर्शनांत कर्मसिद्धान्त मांडताना दोन दोष कटाक्षाने टाळावे लागतात. केलेल्या कर्माचे फळ कर्त्याला न मिळताच विरून जाणे हा 'कृतनाश', आणि जे कर्म केलेच नाही त्याचे फळ भोगावे लागणे हा 'अकृताभ्यागम'. देहाची घडण कर्मावाचून होते असे मानले तर दुसरा दोष ओढवतो, असा इशारा न्यायसूत्रांत दिलेला आहे. स्थिर आत्मा नाही, सारे क्षणोक्षणी पालटते, असे म्हणणाऱ्या बौद्धांवर वैदिक आणि जैन दार्शनिकांनी हे दोन्ही दोष ठेवले, कारण करणारा एक आणि भोगणारा दुसरा अशी स्थिती त्यांना नीतीच्या मुळावर येणारी वाटली. हा वाद पाठशाळांत शतकानुशतके घोळला आणि पुढे पोथ्यांतच राहिला. तो पुन्हा उकरून काढण्याची वेळ एखाद्या नैयायिकामुळे नव्हे, तर पुण्यातील एका मधुमेहतज्ज्ञाने नवजात बालकांच्या कातडीखालच्या चरबीची मोजमापे घेतल्यामुळे यावी, ही विचारांच्या इतिहासातील चमत्कारिक पण महत्त्वाची गोष्ट आहे.

लठ्ठपणा, मधुमेह आणि यकृतात चरबी साठण्याचा विकार यांच्याविषयी मराठी समाजाचा न्याय ठरलेला आहे. ज्याने खाल्ले त्याने भोगावे, हे त्या न्यायाचे सूत्र. क्षयरोग्याची कीव येते, अपघातात सापडलेल्याविषयी हळहळ वाटते. सुटलेल्या पोटाकडे पाहताना मात्र जिभेचा दोष आधी दिसतो आणि आजार मागून. 'एकादशी आणि दुप्पट खाशी' ही म्हण उपवासाच्या ढोंगावर जितकी आहे तितकीच खाणाऱ्याच्या चारित्र्यावरही आहे. या न्यायाला शास्त्राचा आधार आहे असेही वाटते, कारण गीतेच्या सहाव्या अध्यायात युक्त आहाराचा, म्हणजे योग्य मापाने घेतलेल्या अन्नाचा, योगाशी संबंध जोडलेला आहे, आणि त्यावरील भाष्यात ज्ञानदेवांनी अन्न, चालणे, बोलणे, झोप या सगळ्यांनाच माप लावले आहे. माप चुकले की योग चुकला. मग माप चुकल्यावर आरोग्यही चुकले तर त्यात नवल काय, असा हा विचारक्रम आहे. तो सरळ आहे, सोपा आहे, आणि निम्माच खरा आहे.

हे भाष्य जेथे सांगितले गेले ते नेवासे अहिल्यानगर जिल्ह्यात, प्रवरेच्या काठी आहे. शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० साली, ज्या खांबाला टेकून ज्ञानदेवांनी ते सांगितले आणि सच्चिदानंदबाबांनी उतरवून घेतले, असे परंपरा मानते, तो पैसाचा खांब तेथे आजही दाखवला जातो. त्याच ग्रंथाच्या पंधराव्या अध्यायात पचनाचा विषय येतो. प्राण्यांच्या देहात वैश्वानर अग्नी होऊन मीच चार प्रकारचे अन्न पचवितो, असे भगवंताचे वचन तेथे आहे, आणि ज्ञानदेव नाभीच्या ठिकाणी आगटी पेटल्याचे व प्राण आणि अपान यांचा जोडभाता रात्रंदिवस तिला फुंकत असल्याचे चित्र उभे करतात. आख्यायिकेतही हा अग्नी येतो: मांडे भाजण्यासाठी खापर मिळेना तेव्हा ज्ञानदेवांनी जठराग्नी चेतवला आणि मुक्ताबाईने त्यांच्या तापलेल्या पाठीवर मांडे भाजले. या सगळ्यात एक गोष्ट सहज नजरेआड होते. पचन हे माणसाचे स्वतःचे कर्तृत्व नाही, ते त्याच्या देहात दुसऱ्याच कोणाचे तरी चाललेले काम आहे, असे पंधरावा अध्याय म्हणतो. तर घास किती घ्यावा हे माणसाच्या हाती आहे, असे सहावा अध्याय म्हणतो. लोकव्यवहाराने सहावा उचलला आणि पंधरावा आरतीपुरता ठेवला.

शिवाय ज्या चार भावंडांच्या घरात हा ग्रंथ जन्मला त्यांचे चरित्र हेच अकृताभ्यागमाचे ढळढळीत उदाहरण आहे. विठ्ठलपंतांनी संन्यास घेतला आणि गुरूच्या आज्ञेने ते पुन्हा गृहस्थाश्रमात आले. शिक्षा झाली ती त्यानंतर जन्मलेल्या मुलांना. संन्याशाची पोरे म्हणून वाळीत पडलेल्या या मुलांना शुद्धिपत्रासाठी पैठणच्या ब्रह्मवृंदापुढे उभे राहावे लागले, आणि तेथून परतताना ती नेवाशास आली. जे आपण केले नाही त्याचे फळ आपल्या देहाला चिकटवले जाते म्हणजे काय होते, हे त्या घराला पुस्तकातून शिकण्याची गरज नव्हती.

आता वैद्यकाकडे वळावे. डॉ. चित्तरंजन याज्ञिक हे पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या मधुमेह विभागात दीर्घकाळ संशोधन करीत आलेले वैद्यक. त्यांच्यासमोरचे कोडे असे होते की, भारतीय रुग्णाला मधुमेह युरोपीय रुग्णापेक्षा कमी वयात आणि कमी वजनावर होतो. लठ्ठपणा मोजण्यासाठी देहभारांक वापरतात, म्हणजे किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून आलेला आकडा. हा आकडा 'ठीक' असलेल्या माणसांतही रक्तातील साखर चढलेली सापडत होती. २००४ साली याज्ञिक आणि लंडनचे त्यांचे सहकारी जॉन युडकिन यांनी 'लॅन्सेट' या नियतकालिकात स्वतःचीच छायाचित्रे शेजारी शेजारी छापली. दोघांचा देहभारांक तंतोतंत सारखा, २२.३, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. दिसायला दोघेही सडपातळ. वजनकाटा जे सांगतो ते शरीराची खरी रचना नव्हे, हे दोन चित्रांनी जेवढे पटवले तेवढे मोठमोठ्या तक्त्यांनी क्वचितच पटवले असते.

ही चरबी कोठून आली? याज्ञिकांचा देह खादाडीने बनलेला नव्हता, मग तो कोणी बनवला? उत्तराचा शोध १९९३ साली पुण्याजवळच्या सहा गावांत सुरू झाला. साउदॅम्प्टनच्या कॅरोलिन फॉल आणि त्यांचे सहकारी यांच्यासोबत, गरोदर राहण्याच्या आधीपासून स्त्रियांची नोंद ठेवून, त्यांचा आहार, काम, रक्त आणि पुढे त्यांची बाळे यांचा पाठपुरावा करण्याचे हे काम होते. शेतात राबणाऱ्या या स्त्रियांचे सरासरी वजन सुमारे ४२ किलो होते. त्यांची बाळे सरासरी २.७ किलोंची, तर साउदॅम्प्टनची बाळे सुमारे ३.५ किलोंची. येथवर अपेक्षेबाहेरचे काही नव्हते. नवल पुढे होते. बाळाच्या दंडाचा घेर, स्नायू आणि पोटातील इंद्रिये ही वजनाच्या मानाने फारच लहान होती, पण पाठीवरच्या कातडीच्या चिमटीत येणारी चरबी मात्र जवळजवळ इंग्रज बाळाइतकीच होती. नाळेतील रक्तातही इन्सुलिनचे प्रमाण चढे आढळले. इन्सुलिन हा स्वादुपिंडातून, म्हणजे जठराच्या मागे आडव्या असलेल्या पाचक ग्रंथीतून, स्रवणारा आणि साखर पेशींत शिरू देणारा स्राव. तो जन्मवेळीच जास्त लागत असेल, तर त्या देहाचे साखरेशी भांडण पहिल्या घासाच्या आधीच सुरू झाले आहे असे म्हणावे लागते. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात अशा बाळाला 'कृश-मेदस्वी' या अर्थाचे नाव मिळाले.

हे का घडते याची उपपत्ती इंग्लंडमध्ये डेव्हिड बार्कर आणि निकोलस हेल्स यांनी १९९२ साली मांडली होती. गर्भाला अन्न अपुरे पडले की तो वाटणी करतो: मेंदूला आधी, आणि मग यकृत, स्वादुपिंड, मूत्रपिंड, स्नायू यांना उरले तर. भुकेच्या जगात जगायची ही तयारी असते. पण जन्मानंतर जग भुकेचे न राहता साखरेचे निघाले, तर लहान स्वादुपिंड आणि थोडे स्नायू यांना तो भार पेलत नाही, आणि उरलेली ऊर्जा चरबी होऊन आतड्यांभोवती व यकृतात जाऊन बसते. यकृताचे हे दुखणे दारू न पिणाऱ्यांतही होते. कित्येक दशके त्याच्या नावातच 'मद्येतर' हे विशेषण होते आणि 'माळकरी असूनही तुम्हाला हे कसे' असा प्रश्न रुग्णाला ऐकावा लागे. २०२३ साली तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय मंडळाने चयापचयाचा उल्लेख असणारे नवे नाव स्वीकारले, आणि जुन्या नावातील शब्द रुग्णाला कलंक लावणारे आहेत हे त्यामागचे एक कारण होते. चयापचय म्हणजे अन्नाचे देहात होणारे रूपांतर, साठवण आणि खर्च यांचा एकत्रित व्यवहार. अग्नी या जुन्या कल्पनेत यातले बरेच काही बसत असे.

येथे एक काळजी घ्यावी लागते. गर्भातील उपासमारीने होणारा प्रत्येक मधुमेह एकाच जातीचा नसतो. बालपणापासून कुपोषित राहिलेल्या, हाडकुळ्या तरुणांना होणाऱ्या एका मधुमेहात इन्सुलिन निकामी ठरत नाही, ते मुळातच कमी पडते. जागतिक आरोग्य संघटनेने १९८५ साली त्याला वर्गीकरणात जागा दिली, १९९९ साली ती काढून घेतली, आणि २०२५ साली आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने 'टाइप ५' या नावाने त्याला पुन्हा मान्यता दिली. गरिबांच्या रोगाला नाव मिळणे, जाणे आणि परत मिळणे यांत चाळीस वर्षे गेली, हेही रोगाच्या नीतिशास्त्रात मोडते.

अकृताभ्यागमाचा प्रश्न आता त्याच्या खऱ्या रूपात समोर येतो. कृश-मेदस्वी बाळाने एकही घास खाल्लेला नाही. तरी त्याच्या देहात संचय आहे आणि त्याचे फळ चाळिशीत पदरात पडणार आहे. कर्ता कोण?

पहिले उत्तर पूर्वजन्माचे. ते तर्कदृष्ट्या बिनतोड आहे आणि म्हणूनच निरुपयोगी आहे, कारण ते कोणत्याही रोगाला सारखेच लागू पडते आणि कोणत्याही गर्भवतीच्या पानात काहीही वाढत नाही. याबाबत बुद्धाची भूमिका अधिक नेमकी होती. संयुत्तनिकायातील एका सुत्तात मोळियसीवक नावाच्या परिव्राजकाला तो सांगतो की वेदना पित्त, कफ, वात, त्यांचा संयोग, ऋतुपालट, विषम वागणूक, बाहेरचा आघात आणि कर्मविपाक अशा आठ कारणांनी होतात. सगळेच पूर्वकर्माने होते असे म्हणणारे प्रत्यक्ष अनुभव सोडून धावतात. आठांपैकी एक जागा कर्माला, सात जागा जगाला: ही वाटणी आजच्या वैद्यालाही पटण्यासारखी आहे.

दुसरे उत्तर चरकाचे, आणि ते मराठी वैद्यपरंपरेत शिकवले जात असूनही अर्धेच स्मरणात राहिले. चरकसंहितेतील सूत्रस्थानाच्या एकविसाव्या अध्यायात आठ 'निंदित' देहांत अतिस्थूल आणि अतिकृश हे दोघेही बसवले आहेत. अतिस्थौल्याची कारणे सांगताना चरक जड व गोड अन्न, व्यायामाचा अभाव, दिवसाची झोप ही यादी देतो, आणि शेवटी बीजस्वभाव, म्हणजे आईबापांच्या बीजातून आलेला गुण, हेही कारण नोंदवतो. त्याहून मोलाचे विधान पुढे आहे: मेदाने मार्ग अडले की वायू कोठ्यात कोंडतो, अग्नीला चेतवतो, म्हणून स्थूल माणसाचे अन्न लवकर पचते आणि त्याला पुन्हा पुन्हा खावेसे वाटते. म्हणजे भूक हे मेदाचे कारण जितके, तितकेच ते मेदाचे कार्यही आहे. १९९४ साली अमेरिकेत जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेने चरबीतून स्रवणाऱ्या लेप्टिन या संप्रेरकाचे जनुक शोधले, आणि चरबी ही निर्जीव साठवण नसून मेंदूला भुकेचा निरोप धाडणारे इंद्रियच आहे हे सिद्ध झाले. चरकाला लेप्टिन ठाऊक होते असा दावा करणे हास्यास्पद ठरेल. पण खाणाऱ्याच्या वासनेला त्याच्या देहाच्या स्थितीतून समजून घ्यावे, ही दृष्टी त्याच्यापाशी होती.

नेवाशातच मोहिनीराजाचे मंदिर आहे. अमृताच्या वाटपात घुसलेल्या राहूचे मस्तक उडवले गेले आणि धड वेगळे झाले, ही कथा या परिसरात घरोघर माहीत आहे. राहूला पोट उरले नाही, तरी गिळण्याची इच्छा उरली. कथाकारांनी भुकेचे ठाणे पोटात न ठेवता डोक्यात ठेवले आहे, एवढे या कथेतून घेता येईल.

चरकाचे उरलेले विधान शारीरस्थानात आहे. गर्भ केवळ आत्म्यातून किंवा बीजातून घडत नाही. आई, बाप, आत्मा, सात्म्य म्हणजे अंगवळणी पडलेला आहारविहार, आणि रस म्हणजे आईच्या अन्नाचा सार, यांपैकी प्रत्येकाकडून गर्भाला काही भाग मिळतो. नित्य गोड खाणाऱ्या गर्भवतीचे मूल प्रमेही किंवा अतिस्थूल होते, असेही त्याने लिहिले आहे. गरोदरपणातील मधुमेहाने बाळ स्थूल होते आणि पुढे त्यालाही मधुमेह होण्याचा धोका वाढतो, हे आजचे निरीक्षण याच्या अगदी जवळ जाते.

पण हे उत्तर एका खड्ड्यापाशी आणून सोडते. दोष खाणाऱ्यावरून उचलून आईवर ठेवला की काम झाले, असे वाटू लागते. सहा गावांच्या अभ्यासात जे दिसले ते याच्या विरुद्ध जाणारे होते. गर्भवतीने एकूण किती उष्मांक खाल्ले याच्याशी बाळाच्या वाढीचा संबंध क्षीण होता. पालेभाज्या, फळे आणि दूध यांच्याशी तो ठळक होता, आणि जड कष्ट करणाऱ्या स्त्रियांची बाळे लहान होती. पालेभाजी स्वस्त आहे, पण दूध डेअरीला जाते आणि कष्टाची वेळ स्त्री ठरवत नाही. ज्या कर्मात स्वातंत्र्य नाही, त्याला कर्म म्हणावे काय, असा प्रश्न मीमांसकांनाही पडला असता.

ब जीवनसत्त्वांच्या प्रकरणात धर्माचा प्रश्न आणखी थेट उपस्थित होतो. याच अभ्यासातील सुमारे दोन तृतीयांश मातांच्या रक्तात बी-१२ कमी होते. हे जीवनसत्त्व वनस्पतींत नसते; ते दूध, अंडी, मासे, मांस यांतून मिळते. ज्या मातांमध्ये बी-१२ कमी आणि फोलेट, म्हणजे पालेभाज्यांतून व सरकारी गोळ्यांतून मिळणारे दुसरे ब जीवनसत्त्व, जास्त होते, त्यांची मुले सहाव्या वर्षी इन्सुलिनला सर्वांत कमी दाद देणारी आढळली, असे २००८ साली प्रसिद्ध झाले. फॉलिक आम्ल, म्हणजे गोळ्यांतले फोलेट, मज्जारज्जूच्या जन्मदोषापासून वाचवते, ते टाकावे असा याचा अर्थ नाही. जोडीदाराशिवाय ते एकटे दिले जाते, ही उणीव आहे. माळकरी घरात मांसवर्ज्याचे व्रत घराण्याचे असते, आणि त्याचा भार न जन्मलेल्या जिवावर पडत असेल तर अहिंसेच्या व्रतातच नकळत हिंसा शिरते. सुदैवाने येथे व्रत आणि बाळ यांपैकी एकाची निवड करावी लागत नाही: बी-१२ कारखान्यात जिवाणूंच्या आंबवणीतून तयार होते, एका छोट्या गोळीने भागते, आणि ती गोळी कोणत्याही माळेला विटाळ करीत नाही. या सहा गावांतील मुले मोठी होऊन सतरा वर्षांच्या आसपास आली, तेव्हा २०१२ पासून त्यांनाच लग्नाआधी, गर्भधारणेआधी बी-१२ देऊन पुढच्या पिढीत काय फरक पडतो हे पाहण्याचा प्रयोग याज्ञिकांच्या गटाने केला. गर्भ राहिल्यावर दवाखान्यात येणे म्हणजे उशीर झालेला असणे, हे त्यामागचे गृहीतक आहे, आणि ते गर्भाधानापासून संस्कार मोजणाऱ्या धर्माला अपरिचित नसावे.

तिसरे उत्तरही चरकाचेच, पण त्याकडे या संदर्भात क्वचितच पाहिले जाते. विमानस्थानात जनपदोद्ध्वंस हा विषय येतो. निरनिराळ्या प्रकृतीची, निरनिराळे खाणारी माणसे एकाच वेळी एकाच रोगाने का मरतात, असा प्रश्न शिष्य अग्निवेश विचारतो, आणि गुरू आत्रेय सांगतो की वायू, जल, देश आणि काळ ही सर्वांना समान असलेली चार तत्त्वे बिघडली की असे होते. आणि ती बिघडण्याचे मूळ अधर्म, जो देश, नगर व व्यापारी संघ यांचे प्रमुख धर्म सोडून वागू लागले म्हणजे पसरतो. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या पाठबळाने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. दहा कोटी माणसांनी एकाच पिढीत स्वतंत्रपणे जिभेचा संयम सोडला, हे स्पष्टीकरण पटण्यासारखे नाही. हा जनपदोद्ध्वंस आहे, आणि त्याचा कर्ता शोधायचा तर जनपदाकडे पाहावे लागते.

अहिल्यानगर जिल्ह्याचा नकाशा त्यासाठी पुरेसा बोलका आहे. उत्तरेला प्रवरा, मुळा आणि गोदावरी यांच्या पाटपाण्यावर राहाता, श्रीरामपूर, कोपरगाव, राहुरी, नेवासे हे ऊसपट्टे; विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने उभा राहिलेला सहकारी साखर कारखाना प्रवरानगरला, आणि शेजारीच लोणीला ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय. दक्षिणेला पाथर्डी, जामखेड, कर्जत हे अवर्षणाचे तालुके, जेथून दिवाळीच्या सुमारास जोडपी उचल घेऊन ऊसतोडीला जातात. हिशेबात नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. त्या अर्ध्या कोयत्याच्या पोटात मूल असले तरी मोळी डोक्यावरून गाडीपर्यंत न्यावीच लागते, आणि कोपीत, म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपडीत, पहाटे थापलेली भाकर दिवसभर पुरवावी लागते. एकाच जिल्ह्यात साखर पिकवण्याची आणि साखरेला न पेलणारी स्वादुपिंडे घडवण्याची अशी दोन कामे शेजारी शेजारी चालली आहेत. त्यातली दुसरी कोणाच्याही ताळेबंदात येत नाही.

जामखेडला १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला, तेव्हा त्यांनी रुग्णालयाच्या इमारतीपेक्षा गावातल्या, बहुतेक निरक्षर आणि अनेकदा दलित, बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार करण्यावर भर दिला. गर्भवतीचा आहार, बाळाचे वजन, पाणी, मुलींचे लग्नाचे वय असे त्यांचे विषय असत. त्या वेळी समोर उपासमार होती. बहात्तरचा दुष्काळ दाराशी आला होता आणि मधुमेहाचा विचारही कोणाच्या मनात नव्हता. मात्र आज मागे वळून पाहता त्या बायकांनी जपलेली गर्भारपणे हाच मधुमेहाचा सर्वांत आधीचा प्रतिबंध होता, असे म्हणता येते. चरकाच्या भाषेत सांगायचे तर त्यांनी रसाकडे लक्ष दिले.

मग मिताहाराचे काय उरते? पुष्कळ उरते, पण त्याची जागा बदलते. गीतेचा श्लोक जे फार खातात त्यांना योग नाही म्हणतो, आणि तितक्याच स्पष्टपणे जे मुळीच खात नाहीत त्यांनाही नाही म्हणतो. प्रवचनांत दुसरा निम्मा भाग सहसा लंघनाविरुद्धचा इशारा म्हणून येतो, उपासमारीविरुद्धचा म्हणून येत नाही. याच जिल्ह्यातील शिर्डीच्या साईबाबांविषयी साईसच्चरितात अशी कथा आहे की, तीन दिवस उपवासाचा संकल्प करून आलेल्या एका बाईला त्यांनी पुरणपोळ्या करून मुलांना वाढण्यास आणि स्वतःही जेवण्यास सांगितले. उपाशी देहाला ईश्वर सापडत नाही, ही त्यामागची धारणा. उलट एकादशीच्या साबुदाण्यात पिष्टाखेरीज फारसे काही नसते, आणि स्वादुपिंडाच्या दृष्टीने तो उपवास मुळी उपवासच नव्हे. देहाच्या शास्त्राशी फारकत घेतलेले व्रत कोठे पोहोचते याचा हा रोजच्या पाहण्यातला दाखला. दिवसातून दोनदाच जेवण्याचा डॉ. जगन्नाथ दीक्षित यांचा उपक्रम महाराष्ट्रात एवढा लोकप्रिय झाला, त्यात वैद्यकाइतकाच व्रतस्थ मनाचाही वाटा आहे. ज्याच्या पानात दोन वेळा पोटभर आहे त्यानेच तो पाळावा. कोपीतल्या गर्भवतीला तो सांगणे क्रूरपणाचे ठरेल.

देहाची घडण आधीच ठरली असेल तर प्रयत्न कशाला, असा नियतिवाद या संशोधनातून काढणारेही भेटतात. ते चूक आहेत. उंदरांच्या पन्नास पिढ्यांना अर्धपोटी ठेवून केलेल्या, आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, पुढे दोन पिढ्या पोटभर अन्न देऊनही त्यांच्या चयापचयाचे बिघाड पूर्ण निवळले नाहीत, हे खरे. परंतु त्यातून काळाचा पल्ला कळतो. कैद सिद्ध होत नाही. चालणे, स्नायूंना काम देणे, पोटाचा घेर सांभाळणे यांनी मिळालेल्या देहातही साखर आवरता येते, आणि भारतीयांसाठी देहभारांकाची धोक्याची रेषा २५ ऐवजी २३ वर आणली गेली ती लवकर सावध होता यावे म्हणूनच. दैव आणि पुरुषकार या दोघांना चरक एकत्र तोलतो, एकाच्या बळावर दुसरा हरतो किंवा टिकतो असे म्हणतो; आयुष्य आधीच मापून दिलेले असेल तर औषधाचा उपयोगच काय, हा त्याचा प्रतिप्रश्न आजही नियतिवाद्याला पुरेसा आहे. फरक एवढाच की पुरुषकाराचा कर्ता आता एकटा रुग्ण राहत नाही. अपराध आणि जबाबदारी यांची ही फारकत झाली, की अकृताभ्यागमाचा दोष सौम्य होतो: जे मी केले नाही त्याबद्दल मला दोषी धरणे अन्याय्य, पण जे माझ्यापर्यंत आले ते पुढच्याकडे तसेच जाऊ नये याची काळजी घेणे मात्र शक्य आणि म्हणून कर्तव्य.

हे कर्तव्य वाटून घेणारी माणसे जिल्ह्यात आहेत. गोदाकाठच्या सराला बेटाच्या गंगागिरी महाराजांच्या सप्ताहात गावोगावहून भाकरी येतात आणि लाखोंच्या पंगतीला आमटी-भाकरीचा प्रसाद वाढला जातो. एवढ्या मोठ्या समुदायापुढे उभा राहणारा कीर्तनकार मिताहारावर बोलतो तेव्हा त्याने सोळा-सतरा वर्षांच्या मुलीच्या ताटातल्या पालेभाजीवर, दुधावर आणि बी-१२च्या गोळीवर, आणि गर्भवती कोयत्याच्या उचलीवरही बोलावे. लठ्ठ माणसाची चेष्टा करणारा दृष्टान्त त्याने वगळावा. तो दृष्टान्त शास्त्राला धरून नाही, आणि ज्या ग्रंथावर निरूपण चालले आहे त्याच्या कर्त्याला तर तो मुळीच मानवला नसता.